ट्रेल मेल खाली आहे, बघून घ्या

"मॅडम, ट्रेल मेल खाली आहे, बघून घ्या." भोसरीतल्या कुठल्याही परचेस डिपार्टमेंटमध्ये हे वाक्य दिवसातून चारदा ऐकू येतं. ट्रेल म्हणजे एका मेलवर एकामागून एक आलेल्या उत्तरांची साखळी. खाली बघायला जावं तर वीसेक मेल, प्रत्येकाखाली सही, कंपनीचा लोगो, कागद वाचवा म्हणणारी हिरवी ओळ. आपल्याला हवं असतं एवढंच, की शेवटी रेट काय ठरला. तो मात्र सापडत नाही, कारण तो फोनवर ठरलेला असतो, नाहीतर ‘हॅपी दिवाली’ नावाच्या ट्रेलमध्ये पडलेला असतो.

मी एका छोट्या मशीन शॉपमध्ये परचेस बघते. कास्टिंग कोल्हापूरहून येतं, फोर्जिंग राजकोटहून, पंपाचे काही पार्ट कोइमतूरहून आणि नटबोल्ट लुधियानाहून. आमचा सगळा पत्रव्यवहार जीमेलवर, आमच्या मोठ्या कस्टमरचा आउटलुकवर. नवीन मुलगा किंवा मुलगी जॉइन झाली की ईआरपीच्या (कंपनीच्या खरेदी-हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या) आधी मी त्यांना इनबॉक्स शिकवते. पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, काढायला कोणीही दोन दिवसांत शिकतं. पण "हे कोणी, कधी, काय म्हटलं होतं" याचं उत्तर साहेब केबिनच्या दारात उभे असताना देता आलं पाहिजे, आणि ते उत्तर ट्रेलमध्ये असतं. मी त्यांना सांगते ते सगळं एका वाक्यात बसतं: एका ट्रेलमध्ये एकच काम, आणि काम बदललं की ट्रेल बदलायची. बाकीच्या खटपटी या वाक्यासाठीच आहेत.

जीमेल मेल कशावरून जोडतं

प्रत्येक मेलला निघताना स्वतःचा एक आयडी मिळतो. तुम्ही रिप्लाय दाबलंत की तुमच्या मेलच्या हेडरमध्ये मागच्या मेलचा आयडी जाऊन बसतो. बघायचं असेल तर कॉम्प्युटरवर एखादा मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. वर मेसेज आयडी दिसेल, आणि खाली जो इंग्रजी अक्षरांचा ढिगारा आहे त्यात ‘इन रिप्लाय टू’ आणि ‘रेफरन्सेस’ अशा ओळी सापडतील. जीमेल त्या ओळी बघतं आणि त्यासोबत सब्जेक्ट बघतं. सब्जेक्ट बदलला की नवी ट्रेल सुरू होते, मग तुम्ही रिप्लाय दाबून का लिहिलेलं असेना. आणि एका ट्रेलमध्ये १०० मेलांपेक्षा जास्त झाले की पुढचे मेल जीमेल आपणहून दुसऱ्या ट्रेलमध्ये टाकतं. डेव्हलपमेंटच्या, म्हणजे नव्यानं बनवून घ्यायच्या, पार्टवर असं हमखास होतं, आणि मग कोणीतरी घाबरून येतं की जुने मेल उडाले. उडालेले नसतात. त्याच सब्जेक्टची दुसरी ओळ इनबॉक्समध्ये खाली कुठेतरी असते.

या सगळ्यात आतला मजकूर काय आहे याच्याशी जीमेलला काही देणंघेणं नाही, ही गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आमच्या एका सप्लायरची सवय अशी, की आम्हाला मेल करायचा झाला की आमचा हाती लागेल तो जुना मेल उघडायचा आणि रिप्लाय दाबायचं. पत्ता टाइप करायचा त्रास वाचतो. त्यामुळे दिवाळीच्या शुभेच्छांखाली इंपेलरचं कोटेशन, त्याखाली जीएसटीबद्दलचा प्रश्न, त्याखाली ट्रान्सपोर्टच्या एलआरचा (माल पाठवल्याच्या पावतीचा) फोटो. सहा महिन्यांनी ते कोटेशन शोधायला बसलं की सब्जेक्टवरून ते सात जन्मांत सापडत नाही.

सब्जेक्ट लाइन

आमच्याकडे सब्जेक्टचा क्रम ठरलेला आहे: आधी नंबर, मग पार्ट, मग ड्रॉइंगची रिव्हिजन (आवृत्ती), शेवटी मुद्दा. ‘पीओ २४१७ – बेअरिंग हाउसिंग – रिव्ह बी – डिलिव्हरी तारीख’, असा. एन्क्वायरीच्या वेळी पीओ नंबर नसतो, तेव्हा एन्क्वायरी नंबर. नंबर पहिला, कारण मोबाइलवर सब्जेक्टचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात. ‘अर्जंट’, ‘रिक्वायरमेंट’, ‘रिगार्डिंग मटेरियल’ हे सब्जेक्ट आमच्या डिपार्टमेंटमध्ये बंद आहेत. सगळंच अर्जंट असतं.

पीओ निघाला की मी एन्क्वायरीच्या ट्रेलवर तो पाठवत नाही, नव्या सब्जेक्टनं नवा मेल काढते. पीओची ट्रेल पुढे स्टोअरला जाते, क्वालिटीला जाते, अकाउंट्सला जाते, सप्लायरच्या डिस्पॅचवाल्यालाही जाते. रेटवरून झालेली आमची घासाघीस या सगळ्यांनी वाचायची काही गरज नाही.

सप्लायरनं भलत्याच सब्जेक्टखाली काही पाठवलं तर त्याला शिकवत बसू नका, तुमच्या उत्तरात तुम्हीच सब्जेक्ट बदला. कॉम्प्युटरवर रिप्लाय उघडला की पत्त्याच्या डावीकडे वळलेल्या बाणाचं चिन्ह असतं आणि त्याला लागून छोटा त्रिकोण. तो दाबला की ‘एडिट सब्जेक्ट’ येतं. मोबाइलवर रिप्लाय लिहिताना सब्जेक्टची ओळ समोरच असते, तिथेच खोडून लिहिता येतं. मेलची पहिली ओळ अशी लिहायची: "इंपेलरच्या कोटेशनची चर्चा यापुढे या सब्जेक्टवर करू. कोटेशन पुन्हा जोडलं आहे." आणि खालची दिवाळी काढून टाकायची. समोरचा माणूस पुढचं उत्तर आपोआप या नव्या ट्रेलवर देतो, कारण त्याच्याकडे तोच मेल सगळ्यात वर असतो.

ट्रेलला फाटे फुटतात तेव्हा

इनबॉक्सच्या घोळातला सगळ्यात फसवा प्रकार हा आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

समजा आमच्या क्वालिटीनं सकाळी मेल टाकला: "हाउसिंगच्या बोअरला मशीनिंग अलाउन्स किती ठेवायचा?" म्हणजे आतल्या भोकावर नंतर कापून काढण्यासाठी जादा धातू किती ठेवायचा. त्यावर ११ वाजून १० मिनिटांनी फाउंड्रीनं उत्तर दिलं, ३ एमएम ठेवतो. तिकडे आमच्या डिझाइनवाल्यानं फाउंड्रीचं उत्तर न बघताच क्वालिटीच्या त्याच मूळ मेलला ११ वाजून २५ मिनिटांनी उत्तर दिलं, ४ एमएम ठेवा. आता ट्रेलमध्ये हे तीन मेल वेळेनुसार एकाखाली एक दिसतात. वाचणाऱ्याला वाटतं, फाउंड्री ३ म्हणाली, ते बघून डिझाइननं ४ सांगितलं, विषय संपला. प्रत्यक्षात डिझाइननं ३ बघितलेलंच नाही, आणि फाउंड्रीवाल्याला डिझाइनचा मेल मिळालेलाच नाही, कारण त्याला सीसीमध्ये घ्यायचं राहिलं. तो पॅटर्न (कास्टिंगच्या साच्याचा नमुना) ३ वर करून मोकळा.

तेव्हा शेवटचा मेल म्हणजे शेवटचा शब्द, असं धरून चालायचं नाही. उत्तर देण्याआधी ट्रेल वरपासून उघडायची. कॉम्प्युटरवर उजव्या कोपऱ्यात, प्रिंटच्या चिन्हाशेजारी ‘एक्स्पांड ऑल’ आहे, त्यानं मिटलेले सगळे मेल उघडतात. प्रत्येक मेल कोणाला गेलाय ते नावाखालच्या छोट्या बाणावर क्लिक करून बघा; निम्मे घोळ तिथेच कळतात. आणि फाटा दिसला की सगळ्यांना घेऊन एकच मेल टाका: "दोन्ही उत्तरं बघितली. फायनल अलाउन्स ४ एमएम. फाउंड्रीनं कन्फर्म करावं." असा मेल टाकायला मिनिटभर लागतो. पॅटर्न दुरुस्तीला जातो तेव्हा आठवडा जातो.

फाटे फुटलेली ट्रेल तिसऱ्या माणसाला दाखवायची असेल तर शेवटचा मेल फॉरवर्ड करून उपयोग नाही. त्याच्या खाली फक्त त्याच्या फाट्याचे मेल असतात, दुसरा फाटा नसतो. कॉम्प्युटरवर ट्रेलच्या वरच्या पट्टीतले तीन टिंब उघडून ‘फॉरवर्ड ऑल’ घ्या, सगळे मेल एकत्र जातात. वादाचा मामला असेल तर मी ‘फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट’ वापरते. त्यात मूळ मेल त्याच्या तारीख-वेळेसकट आणि अटॅचमेंटसकट स्वतंत्र फाइल म्हणून जातो. मजकुरात कोणी मधेच काही खोडलंय का, हा प्रश्नच येत नाही.

आणखी दोन ठिकाणी मजकूर लपतो. जीमेल जुना मजकूर तीन टिंबांमागे मिटवून ठेवतं. काही लोकांना आपल्याच प्रश्नांखाली लाल अक्षरांत उत्तरं लिहायची सवय असते. वर फक्त "प्लीज सी बिलो" एवढंच. तीन टिंब उघडले नाहीत तर कधीकधी उत्तर आलंय हेच कळत नाही. दुसरं म्हणजे लांब ट्रेलचा मेल साधारण १०२ केबीच्या वर गेला की जीमेल तो तिथेच कापतं आणि खाली ‘व्ह्यू एंटायर मेसेज’ अशी बारीक ओळ ठेवतं. जिची गरज आहे ती जुनी अट नेमकी त्या कापलेल्या भागात असते.

अटॅचमेंट रिप्लायबरोबर जात नाही

हे अनुभवी लोकांनाही लक्षात राहत नाही. फॉरवर्ड केलं की मूळ अटॅचमेंट सोबत जाते. रिप्लाय किंवा रिप्लाय ऑल केलं की जात नाही. म्हणजे तुम्ही रिप्लाय ऑल करताना सीसीमध्ये नवीन माणूस घेतलात तर त्याला खालचं सगळं बोलणं दिसतं, "रिव्ह बी ड्रॉइंग जोडलं आहे" हे वाक्यही दिसतं, फक्त ड्रॉइंग नसतं.

आमच्या क्वालिटीच्या मुलानं असंच एकदा फाउंड्रीच्या पॅटर्नवाल्याला मध्येच लूपमध्ये घेतलं. पॅटर्नवाल्याकडे आधीच्या एन्क्वायरीचं रिव्ह ए पडलेलं होतं. त्यानं तेच काढलं. मी फोन केला तर म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं ए-च आलंय की. बी कुठाय?" त्याचं काय चुकलं? त्याच्या इनबॉक्समध्ये बी नव्हतंच.

म्हणून आमच्याकडे आता रीत अशी: लूपमध्ये नवीन माणूस येतोय ना, मग ड्रॉइंग पुन्हा जोडायचं, आणि फाइलच्या नावातच पार्ट नंबर, रिव्हिजन आणि तारीख. ‘ड्रॉइंग फायनल नवीन’ नावाची पीडीएफ मी परत पाठवते. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. त्यावरची फाइल जोडली की जीमेल ती ड्राइव्हवर टाकून मेलमध्ये लिंक देतं. लिंक चालते, पण एक गोम आहे: उद्या कोणी ड्राइव्हवरच्या त्याच फाइलमध्ये नवी आवृत्ती टाकली, तर जुन्या मेलमधली लिंकही नवंच ड्रॉइंग दाखवते. त्या दिवशी नेमकं काय पाठवलं होतं हे सिद्ध करता येत नाही. रिव्हिजनचं काम असेल तर पीडीएफ थेट मेलमध्येच जोडा.

फॉरवर्ड करण्याआधी तळापर्यंत जा

आपल्या लोकांचं आपसातलं बोलणं आणि सप्लायरशी बोलणं एकाच ट्रेलमध्ये कधीही होऊ द्यायचं नाही. साहेब सप्लायरच्याच कोटेशनवर मला एकटीला रिप्लाय देतात: "राजकोटवाला याच्यापेक्षा ८ टक्क्यांनी खाली आहे, यालाही तिथं आणा." मी त्यावर काहीतरी लिहिते, अकाउंट्स काहीतरी लिहितं, आणि चार मेलनंतर कोणीतरी तीच ट्रेल सप्लायरला फॉरवर्ड करून विचारतं की डिस्पॅच कधी. आपला हात कुठे अडकलाय, दुसरा किती कमी देतोय, सगळं त्याला तळाशी वाचायला मिळतं. आणि परचेसमधला माणूस काही वाचो न वाचो, सप्लायर ट्रेल तळापर्यंत वाचतो, हे मी लिहून देते.

तेव्हा अंतर्गत चर्चा नेहमी वेगळ्या सब्जेक्टवर. तुलनेचा तक्ता बनवला की त्याची स्वतंत्र ट्रेल, सब्जेक्टची सुरुवात ‘इंटर्नल’नं. बाहेर फॉरवर्ड करताना तीन टिंब उघडायचे, तळापर्यंत स्क्रोल करायचं आणि लागतं तेवढंच ठेवायचं.

त्याच भानगडीतली एक सेटिंग: जीमेलच्या सेटिंगमध्ये जनरल टॅबवर ‘डिफॉल्ट रिप्लाय बिहेव्हियर’ आहे. तिथे ‘रिप्लाय ऑल’ ठेवावं असा सल्ला पुष्कळ जण देतात, म्हणजे कोणी सुटत नाही. परचेसमध्ये मी ते ‘रिप्लाय’वरच ठेवते. एखादा सुटला तर पुन्हा मेल टाकता येतो, नको त्याला गेलेला मेल परत येत नाही. तिथेच वर ‘अनडू सेंड’ आहे, ते ३० सेकंदांवर नेऊन ठेवा. मुळात ते ५ वर असतं, आणि पाच सेकंदांत "अरे देवा" एवढंच म्हणून होतं.

बीसीसीत तुम्हाला कोणी घेतलं असेल तर रिप्लाय ऑल अजिबात दाबू नका. तुम्ही गुपचूप वाचत होतात हे सगळ्यांना कळतं, आणि ज्यानं तुम्हाला घेतलं त्याची पंचाईत होते.

फोनवर आणि व्हॉट्सॲपवर ठरलेलं

खरी खरेदी फोनवर होते. कोल्हापूरचे फाउंड्रीवाले रेट कधी मेलवर ठरवत नाहीत, "मॅडम, फोन करा की, बोलून टाकू." बोलावं जरूर. पण फोन ठेवला की चहा घेण्याआधी त्या पीओच्या ट्रेलवर तीन ओळी टाकायच्या. "आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे: रेट अमुक प्रति किलो, पॅटर्नचा खर्च तुमच्याकडे, पहिला लॉट २० तारखेला. फरक असेल तर आजच कळवा." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो किंवा मेसेजही त्याच ट्रेलवर जोडून ठेवा. फोन बदलतात, नंबर बदलतात, माणसं नोकरी सोडतात. ट्रेल कंपनीच्या मेलवर राहते.

रिजेक्शनचा मेल मात्र मी कधीही चालू ट्रेलवर टाकत नाही, त्याला स्वतंत्र सब्जेक्ट, चलन नंबरासकट. याला कायद्याचं कारण आहे. सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी पेमेंटची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवस. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. माल मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली, तर सप्लायर ती दूर करेल त्या दिवसापासून मोजणी सुरू होते. नाही घेतली तर माल पोचला तोच दिवस धरतात. म्हणजे "बोअरमध्ये ब्लोहोल आहेत" हा मेल १६व्या दिवशी पाठवून उपयोग नाही, आणि १२व्या दिवशी पाठवलेला मेल चाळीस मेलांच्या ट्रेलमध्ये पुरला गेला तरी उपयोग नाही. आयकर कायद्यात ४३बी(एच) आल्यापासून, म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, अशा सप्लायरचं बिल मुदतीबाहेर थकलं तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला धरत नाहीत. तेव्हापासून मार्च महिन्यात आमचे अकाउंट्सवाले माझ्याकडे रोज येतात आणि प्रत्येक रिजेक्शनच्या मेलची तारीख विचारतात. स्वतंत्र ट्रेल असली की मी तोंड वर न करता सांगते.

इनबॉक्स मोकळा ठेवायचा तर

माझ्या इनबॉक्समध्ये फक्त चालू कामाच्या ट्रेल असतात. काम झालं की आर्काइव्ह. डिलीट नाही. इनबॉक्सच्या यादीतून ट्रेल डिलीट केली की त्यातले सगळे मेल, तुम्ही पाठवलेली उत्तरंसुद्धा, ट्रॅशमध्ये जातात आणि ३० दिवसांनी कायमची जातात. एकच मेल काढायचा असेल तर ट्रेल उघडून त्या मेलच्या तीन टिंबांतून ‘डिलीट धिस मेसेज’ घ्या. आर्काइव्ह केलेल्या ट्रेलवर नवं उत्तर आलं की अख्खी ट्रेल इनबॉक्समध्ये परत वर येते, त्यामुळे आर्काइव्ह करायला घाबरायचं कारण नाही.

लेबल सप्लायरच्या नावानं करू नका. सगळे तसंच करतात आणि चाळीस लेबलांची रांग तयार होते. सप्लायर तर सर्चमध्ये नाव टाकलं की सापडतो. सर्चला जे कळत नाही ते लेबलनं सांगायचं: चेंडू कोणाकडे आहे. माझी लेबलं तीनच आहेत, ‘त्यांच्याकडून बाकी’, ‘आपल्याकडून बाकी’ आणि ‘पेमेंट’. संध्याकाळी निघताना ‘आपल्याकडून बाकी’ उघडून बघते. बाकीच्या दोघांना उद्या आहे.

स्टारचं एक सांगते. यादीतून स्टार न देता ट्रेल उघडून नेमक्या मेलला द्या, ज्यात रेट फायनल झाला किंवा डेव्हिएशनला (ड्रॉइंगपेक्षा वेगळं चालवून घ्यायला) मंजुरी मिळाली. महिनाभरानं ट्रेल उघडल्यावर मिटलेल्या ओळींत तो पिवळा स्टार लगेच डोळ्यात भरतो.

स्नूझ मला फार आवडतं. भोसरीत आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. कोइमतूर किंवा लुधियानाला हे लक्षात राहत नाही, त्यांचे मेल गुरुवारी येत राहतात. मी ते मोबाइलवर बघते आणि शुक्रवार सकाळ ९ वर स्नूझ करते. शुक्रवारी ते नव्या मेलसारखे वर येतात. सप्लायरनं "सोमवारी डिस्पॅच" म्हटलं की ती ट्रेल सोमवारी दुपारवर. वेगळी डायरी लागत नाही.

ज्या ट्रेलमध्ये आपलं काही काम नाही पण सीसीमध्ये अडकलोय, म्हणजे कॅन्टीनची वेळ, बसचा नवा थांबा, कोणाच्या तरी निरोप समारंभावर पंचवीस जणांचं ‘बेस्ट विशेस’, त्यांना म्यूट करा. उत्तरं येत राहतात पण इनबॉक्समध्ये डोकं वर काढत नाहीत. सर्चमध्ये हवी तेव्हा मिळतात.

सर्चमध्ये तीन गोष्टी आल्या की भागतं, अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या: ‘फ्रॉम:’ पुढे सप्लायरचं डोमेन, ‘फाइलनेम:’ पुढे पीडीएफ, आणि ‘आफ्टर:’ पुढे वर्ष/महिना/दिवस. तिन्ही एकाच ओळीत चालतात.

ट्रेलची ही रचनाच नको असेल तर सेटिंगच्या जनरल टॅबवर ‘कॉन्व्हर्सेशन व्ह्यू’ बंद करता येतो. मग प्रत्येक मेल सुटा दिसतो. आमच्या अकाउंट्सच्या काकांनी तो बंदच ठेवलाय, बिलं एकेक करून टिक करायला त्यांना तसंच बरं पडतं. मी वाद घालत नाही.

आउटलुकवाल्यांसाठी

क्लासिक आउटलुकमध्ये व्ह्यू टॅबवर ‘शो ॲज कॉन्व्हर्सेशन्स’ आहे, त्यानं ट्रेल जुळतात. ‘क्लीन अप कॉन्व्हर्सेशन’ हे उपयोगी आहे, ज्या मेलचा मजकूर पुढच्या मेलमध्ये पूर्ण आलाय ते तो काढून टाकतो. ‘इग्नोर’पासून मात्र लांब राहा. ते जीमेलच्या म्यूटसारखं वाटतं, पण त्या ट्रेलचे सध्याचे आणि पुढे येणारे सगळे मेल थेट डिलीटेड आयटम्समध्ये टाकतं.

जुनी ट्रेल खाली आहे म्हणून मेल खरा नसतो

शेवटचं, आणि नवीन मुलांकडून मी हे पाठच करून घेते. चालू ट्रेलवर मेल येतो: "आमचं बँक अकाउंट बदललं आहे, यापुढचं पेमेंट सोबतच्या नव्या अकाउंटला करा." खाली आपलेच जुने मेल, आपलाच पीओ नंबर, सप्लायरची तीच सही. सगळं ओळखीचं. पण कोणी सप्लायरचा मेलबॉक्स फोडला असेल तर त्याच्याकडे ती अख्खी ट्रेल असते. ती खाली चिकटवायला त्याला काहीच कष्ट नाहीत. पत्ता नीट वाचा: एका अक्षराचा फरक असतो, ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी टाकलेले असतात, ते घाईत ‘एम’च दिसतात. कधी फ्रॉमचा पत्ता बरोबर असतो आणि रिप्लाय दाबल्यावर दुसराच येतो. आणि मेलबॉक्सच फुटला असेल तर पत्ताही खराच असतो, त्यामुळे पत्ता बरोबर आहे म्हणूनही पैसे सोडायचे नाहीत.

अशा मेलला रिप्लाय करून विचारायचं नाही, उत्तर तोच चोर देणार. मेलखालच्या सहीतला फोन नंबरही लावायचा नाही. आपल्या व्हेंडर मास्टरमध्ये (सप्लायरांच्या नोंदींमध्ये) पूर्वीपासून असलेल्या नंबरवर, ओळखीच्या माणसाला फोन करायचा, कॅन्सल्ड चेक मागवायचा, आणि अकाउंट्सनं दुसऱ्या माणसाकडून पुन्हा खात्री करून घ्यायची. सप्लायर चिडला तर चिडू दे. पैसे गेल्याचं लक्षात आलं तर त्याच मिनिटाला आपल्या बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, ट्रेल आणि तो मेल जसाच्या तसा ठेवायचा, डिलीट करायचा नाही. साहेबांना सांगायचं त्यानंतर.